भात सोडण्याआधी औषधाचा हिशेब

अंबा नदीच्या खोऱ्यातील पालीसारख्या गावी, जिथे आषाढात लावणी, दिवाळीच्या सुमारास कापणी आणि वर्षभर दोन्ही वेळच्या पानात भात, असा क्रम पिढ्यानुपिढ्या चालत आला आहे, तिथे एखाद्या पन्नाशीच्या गृहस्थाने ‘मी भात सोडला’ असे सांगावे आणि ऐकणाऱ्याला त्याचे फारसे नवल वाटू नये, इतका पालट गेल्या काही वर्षांत झाला आहे. या पालटाचे मी मनःपूर्वक स्वागत करतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने मधुमेहाचे रुग्ण दहा कोटींवर, आणि त्या व्याधीच्या उंबरठ्यावर उभे असलेले लोक तेरा कोटींवर असल्याचे दाखवून दिले. त्याच पाहणीच्या आधारे, आपल्या आहारातील सुमारे ६२ टक्के उष्मांक एकट्या कर्बोदकांतून येतात, असेही पुढे निष्पन्न झाले. अशा देशात पानातला भात कमी करण्याची बुद्धी कोणाला होत असेल, तर ती सद्बुद्धीच म्हणावी लागेल. माझी तक्रार निराळी आहे. भात सोडण्याचा सल्ला गावोगाव पोहोचला, परंतु त्या सल्ल्याबरोबर जायला हवे होते असे दोन इशारे, म्हणजे चालू औषधाचे प्रमाण आधी बदलून घेण्याचा आणि कीटोन या पदार्थाचा अर्थ समजून घेण्याचा, हे वाटेतच राहिले. आणि ते राहून गेल्यामुळे एखाद्याच्या जिवावर बेतू शकते.

महाराष्ट्रात आहाराविषयीची ही जागृती कोठून आली, हे शोधायला लांब जावे लागत नाही. कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी आपल्या व्याख्यानांतून मांडलेला विचार डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी पुढे नेला, आणि दिवसातून दोनदाच जेवावे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत उरकावे, हे सूत्र त्यांनी अक्षरशः घरोघरी पोहोचविले. दीक्षितांचा भर जेवणाच्या वेळांवर होता; भात वर्ज्य करा, असे त्यांचे सांगणे नव्हते. परंतु लोकांच्या मनात वेळा कमी करणे, गोड सोडणे, भात-पोळी सोडणे आणि परदेशांतून आलेला कीटो आहार, ही सारी प्रकरणे एकाच दप्तरात बांधली गेली, आणि त्यांतील भेद पुसट झाले. हे भेद मात्र फार महत्त्वाचे आहेत. दिवसाची कर्बोदके १३० ग्रॅमांच्या आत ठेवली, तर त्याला सामान्यतः कमी कर्बोदकांचा आहार म्हणतात. तीच २० ते ५० ग्रॅमांपर्यंत उतरवली, की कीटो आहार सुरू होतो. वाटीभर शिजलेल्या भातात सुमारे ४० ग्रॅम कर्बोदके असतात. म्हणजे दोन वेळच्या भाताच्या दोन दोन वाट्या एकेका वाटीवर आणणारा मनुष्य आणि धान्याचा कण न खाणारा मनुष्य, हे दोघेही ‘मी भात कमी केला’ असेच सांगत असले, तरी त्यांच्या शरीरांत घडणाऱ्या गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर असते.

पथ्याचा हा मार्ग नवा नव्हे. चरकसंहितेने प्रमेहाच्या रोग्यासाठी जव हे मुख्य अन्न सांगितले. सुश्रुताने जन्मतः जडणारा आणि अपथ्यामुळे जडणारा, असे या रोगाचे दोन प्रकार ओळखले. जॉन रोलो या ब्रिटिश लष्करी वैद्याने १७९७ साली मांसप्रधान आहाराने मधुमेहावर उपचार केल्याचे लिहून ठेवले. आणि १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन शोधून काढीपर्यंत जगभरच्या वैद्यांच्या हाती पथ्यावाचून दुसरे साधनच नव्हते. त्याच १९२१ साली अमेरिकेत रसेल वाइल्डर यांनी अपस्माराच्या रुग्णांसाठी कीटोजनक आहाराची कल्पना मांडली. आज आपल्याकडे वजन उतरविण्यासाठी ज्याचा बोलबाला आहे, त्याचा जन्म अशा रीतीने एका कठीण मेंदूविकाराच्या चिकित्सेत, वैद्यांच्या देखरेखीखाली झाला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आपणां मराठी माणसांचा या विषयाशी संबंध किती निकटचा आहे, हे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनावरून कळते. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ साली त्यांनी गरोदर स्त्रियांचा अभ्यास आरंभिला, तेव्हा तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदम्पटनच्या बालकांचे ३.५ किलो, असे आढळले. आणि आपल्या बालकांच्या अंगावर मांस कमी असले, तरी मेद मात्र त्या मानाने राखलेला असतो, ही त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट पुढे आली. २००४ साली याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये आपली दोघांची छायाचित्रे शेजारी शेजारी छापली: उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. ‘मी तर काडीपैलवान, मला कसली शुगर’ असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे आकडे एकदा तरी वाचावेत. बारीक अंगकाठीच्या कोकणी माणसालाही पिष्टमय आहाराचा भार सोसवत नाही, याचे कारण पुष्कळ अंशी येथे आहे.

आता शरीराच्या आतला कारभार पाहू. निरोगी माणसाच्या साऱ्या रक्तात मिळून साखर असते ती अवघी पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. एवढ्याशा शिलकेवर मेंदूपासून पायांपर्यंतचा खर्च चालवायचा, तर मागून सतत पुरवठा हवा, आणि तो करण्याचे काम यकृताकडे असते. सुधागड आणि सरसगड यांच्या छायेत राहणाऱ्यांना गडाचा कारभार नव्याने सांगायला नको: रोजचा शिधा कोठीतून निघतो, आणि कोठी रिती होऊ लागली, की अडचणीच्या काळासाठी राखून ठेवलेला मोठा साठा किल्लेदाराच्या हुकमाने उघडावा लागतो. यकृतातील सुमारे शंभर ग्रॅम ग्लायकोजेन ही रोजची कोठी. अंगावरची चरबी हा राखीव साठा. आणि तो बंद ठेवण्याचा किंवा उघडण्याचा हुकूम ज्याच्या हाती, तो किल्लेदार म्हणजे स्वादुपिंडातून स्रवणारे इन्सुलिन. भात, पोहे, साखर पोटात गेली, की इन्सुलिन वाढते आणि चरबीचा साठा बंद राहतो. कर्बोदके आटली, की इन्सुलिन उतरते, साठा उघडतो, चरबीतील आम्ले यकृताकडे येतात आणि यकृत त्यांचे कीटोन बनवून रक्तात सोडते. हे कीटोन यकृताला स्वतःला वापरता येत नाहीत. ते सारे इतरांसाठी. दीर्घ उपवासात मेंदूची सुमारे दोनतृतीयांश गरज कीटोन भागवितात, हे ओवेन आणि केहिल यांनी १९६७ साली दाखवून दिले, आणि उपाशी माणूस आठवडेच्या आठवडे शुद्धीवर कसा राहतो, या कोड्याचा उलगडा झाला.

इतके समजले, म्हणजे रक्तातील साखरेच्या चढउताराने घाबरून जाण्याचे प्रसंग पुष्कळ कमी होतील. बल्लाळेश्वराच्या देवळाच्या वाटेवर पोह्यांचे पापड आणि मिरगुंडे विकणाऱ्या एखाद्या दुकानदाराची आपण कल्पना करू. भात सोडून त्याला आठवडा झाला आहे. रात्री त्याने बांगडा, वालाचे बिरडे आणि काकडी एवढेच खाल्ले. झोपताना यंत्रावर आकडा आला १२६. आणि पहाटे उठून पाहतो, तर १३८! रात्रभर अन्नाचा कण पोटात नसता साखर वाढली कशी, या प्रश्नाने तो हबकतो, आणि ‘हे पथ्य आपल्याला मानवत नाही’ असा निकाल देऊन मोकळा होतो. वास्तविक पहाटे तीन-चारच्या पुढे शरीर जागे होण्याची तयारी करीत असताना कॉर्टिसॉल आणि वाढीचे संप्रेरक स्रवते, यकृत कोठीतून साखर बाहेर काढते, आणि ज्याचे इन्सुलिन तोकडे पडते, त्याच्या रक्तात ती साचून दिसते. त्यातच कर्बोदके फार कमी खाणाऱ्याचे स्नायू चरबीवर चालू लागल्यामुळे साखर मेंदूसाठी राखून ठेवतात, म्हणून अशा माणसाची उपाशीपोटीची साखर काही काळ थोडी चढीच राहते. याच कारणाने, कीटो आहारावर असलेल्या माणसाने ग्लुकोज पिऊन करावयाची चाचणी द्यायची झाल्यास, आधीचे तीन दिवस रोज किमान १५० ग्रॅम कर्बोदके खाऊन मगच द्यावी. एरवी निरोगी माणूससुद्धा त्या चाचणीत मधुमेही ठरू शकतो.

यंत्राची मर्यादाही ओळखावी लागते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार चांगल्या ग्लुकोमीटरलाही शंभराच्या वर १५ टक्क्यांची चूक माफ आहे; म्हणजे १३० आणि १४५ यांत खरोखर फरक आहे की नाही, हे एका थेंबावरून ठरत नाही. आणि तो थेंब घेण्याआधी हात धुवावेत, ही बाब क्षुल्लक वाटली तरी मोठी आहे. इतरत्र गणपतीला मोदक, तर पालीच्या बल्लाळेश्वराला बेसनाचा लाडू. त्या प्रसादाचा एखादा कण बोटाच्या पेरावर राहिला असेल, तर सुई टोचल्यावर रक्ताच्या थेंबात तीच साखर मिसळते, आणि यंत्र शंभर-दीडशेने फुगलेला आकडा दाखवून मोकळे होते. साबण-पाण्याने हात धुऊन, कोरडे करून, पुन्हा पाहावे. मग औषधाचा विचार करावा.

आपल्या त्या दुकानदाराकडे पुन्हा वळू, कारण खरे संकट पहाटेच्या १३८ मध्ये नव्हते. तो रोज सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी घेतो. ही गोळी स्वादुपिंडाला दामटून इन्सुलिन काढायला लावते, आणि ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी तिचे प्रमाण त्याच्या दोन वेळच्या भातावर बेतलेले होते. भात गेला, गोळी राहिली. अकराच्या सुमारास ऐन गर्दीत त्याचे हात कापू लागतात, कपाळाला घाम फुटतो, सुटे पैसे मोजताना हिशेब चुकतो. कोणी म्हणते उन्हाने झाले, कोणी म्हणते थकव्याने. यंत्र लावले, तर आकडा ६२. सत्तरच्या खाली गेल्यावर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे, आणि सुधारणा नसेल तर पुन्हा पाजायची. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात मात्र काहीही घालायचे नाही, तडक दवाखाना गाठायचा. इन्सुलिन टोचून घेणाऱ्यांचा धोका याहून अधिक. कर्बोदके कमी झाली, की इन्सुलिन आणि तत्सम गोळ्यांचे प्रमाण पहिल्याच दिवसापासून बदलावे लागते, आणि ते किती, हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते. म्हणून पथ्याचा मुहूर्त धरण्याआधी त्यांच्याकडे जायचे, दोन आठवड्यांनी ‘बघा, साखर किती उतरली’ हे सांगायला नव्हे. रक्तदाबाच्या गोळ्यांचेही तसेच: इन्सुलिन उतरले, की मूत्रपिंडे मीठ आणि पाणी अधिक बाहेर टाकतात, पहिल्या आठवड्यात डोके दुखते, पोटऱ्यांत गोळे येतात, उठताना अंधारी येते, आणि त्यावर जुन्याच मात्रेची गोळी पडली, तर माणूस न्हाणीघरात कोसळू शकतो.

कीटोनविषयीचे अज्ञान याहून दाट आहे, आणि ते दोन्ही टोकांना आहे. मूत्रतपासणीच्या कागदावर ‘कीटोन’ या शब्दापुढे अधिकची खूण दिसताच घरात रडारड व्हावी, हे एक टोक. आणि ‘कीटोन आले म्हणजे चरबी जळतेय, उत्तमच’ असे म्हणून ओकाऱ्या होणाऱ्या माणसाला घरीच निजवून ठेवावे, हे दुसरे. दोघांनीही एकच चूक केलेली असते: त्यांनी एकच आकडा वाचला, तो कोणाच्या शरीरातला, याची चौकशी केली नाही. ज्याचे स्वादुपिंड थोडेबहुत इन्सुलिन देते, त्याच्या रक्तात कीटो आहारावर कीटोन अर्धा ते तीन मिलिमोल प्रति लिटर एवढे होतात आणि तिथेच थांबतात, कारण ते वाढू लागले, की तेच थोडेसे इन्सुलिन चरबीच्या साठ्याला आवर घालते. ज्याच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ नाहीच, त्याला आवर घालणारे कोणी उरत नाही; कीटोन दहा, पंधरा, वीसपर्यंत चढतात, आणि ते आम्ल असल्यामुळे रक्ताची आम्लता वाढून माणूस बेशुद्धीकडे जातो. पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या मुलांना कोणा उत्साही आप्ताने परस्पर कीटो आहारावर ठेवू नये, ते याचकरिता. मूत्राच्या पट्टीविषयी एवढेच सांगतो, की ती कीटोनच्या एकाच जातीला, ॲसिटोॲसिटेटला, ओळखते. संकटकाळी सर्वांत अधिक वाढणारे बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट तिला दिसतच नाही, म्हणून पट्टीचा रंग फिका असला तरी निर्धास्त राहण्याचे कारण नाही.

आणि आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला, ती. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे मूत्रावाटे साखर बाहेर टाकतात. हृदयाला आणि मूत्रपिंडांना त्यांचा मोठा लाभ होतो, हे निर्विवाद आहे. पहिल्याच्या पेटंटची मुदत आपल्याकडे २०२० साली, दुसऱ्याच्या पेटंटची २०२५ साली संपली. अनेक भारतीय कंपन्या ती बनवू लागल्या, किमती उतरल्या, आणि ही गोळी तालुक्याच्या गावापर्यंत आली, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु तिची एक खोड आहे. साखर मूत्रावाटे जात राहिल्याने इन्सुलिनही उतरते, आणि अशा वेळी माणसाने कर्बोदके तोडली, कडक उपवास केला, त्याला जुलाब-उलट्या झाल्या किंवा शस्त्रक्रियेसाठी उपाशी ठेवले गेले, तर कीटोन धोकादायक पातळीला जातात, आणि त्या वेळी साखर मात्र १५०-१८० अशी साधीच दिसते! अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ सालीच याविषयी सावध केले होते. मळमळ, ओकाऱ्या, पोटात दुखणे, धाप, तोंडाला फळासारखा गोडसर वास ही याची लक्षणे. आणि आपल्या घरांत यांतील पहिल्या तिन्हींना एकच नाव आहे: ‘पित्त झालंय.’ मग सोडा पितात, आवळासुपारी चघळतात, यंत्रावर १६० पाहून ‘शुगर तर बरी आहे’ असे म्हणून झोपतात, आणि मोलाचे तास निघून जातात.

पाली हे अष्टविनायकांतील क्षेत्र. येथे संकष्टी आणि माघी चतुर्थी पाळणारे हजारो. यांत दोन प्रकारची माणसे असतात. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, रताळ्याचा कीस यांवर उपवास करणाऱ्यांनी हे जाणावे, की साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, आणि भाताला पाठ फिरवून खिचडीची ताटली पुढे ओढणाऱ्याची साखर भाताहून कमी चढत नाही. चंद्रोदयापर्यंत पाण्यावर राहणाऱ्यांचा प्रश्न याच्या उलट आहे. त्यांतील जे ही नवी गोळी घेतात, त्यांनी उपवासाच्या दिवशी ती घ्यावी की नाही, हे आदल्या भेटीतच डॉक्टरांना विचारून ठेवले पाहिजे. व्रताची श्रद्धा मला पूज्य आहे. ती जपायची असेल, तर हा एक प्रश्न विचारणे व्रताचाच भाग मानावा.

भात कमी करावा कसा, याविषयी परदेशी पाककृतींची पुस्तके उघडण्याची रायगड जिल्ह्यात काहीच गरज नाही. चीज आणि बदामाच्या पिठावर येथील गृहिणीने पैसे का घालवावेत? तिच्या घरी वाल आहे, पावटा आहे, सुकट आहे, अंडी आहेत, ओले खोबरे आहे; थंडीत भांबुर्ड्याचा पाला घालून मडक्यात लावलेली पोपटी, तिच्यातील बटाटे बाजूला ठेवले, तर मधुमेह्याचे उत्तम जेवण होय. भाजी आणि मासे आधी, भात शेवटी, आणि तोही एका वाटीपुरता, एवढा क्रम पाळला तरी जेवणानंतरचा चढ सौम्य होतो. उकडा तांदूळ आणि जेवणानंतरची पंधरा मिनिटांची शतपावली यांचाही हातभार लागतो. २०२१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या २३ चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात, कमी कर्बोदके खाणाऱ्यांपैकी ५७ टक्के, तर इतरांपैकी ३१ टक्के लोकांची साखर सहा महिन्यांनी मधुमेहाच्या रेषेखाली आली, वर्षअखेरीस मात्र हे अंतर बरेच घटले. याचे एक मोठे कारण, माझ्या मते, मनुष्य दोन महिने निग्रहाने जे पाळतो ते तिसऱ्या महिन्यात लग्नसराई येताच सुटते. घरच्या चुलीशी जुळणारे पथ्यच टिकते. मूत्रपिंडे दुबळी असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी या वाटेला परस्पर जाऊ नये, हेही येथे नोंदवून ठेवतो.

सरकारी यंत्रणेकडे माझे मागणे माफक आहे. तिशी उलटलेल्यांची साखर आणि रक्तदाब तपासण्याचा कार्यक्रम देशभर चालू आहे, आशा सेविका दारोदार जाऊन नोंदी करतात. त्या नोंदीत आणखी दोन रकाने घालावेत: आहारात अलीकडे मोठा बदल केला आहे काय, आणि चालू गोळ्या कोणत्या. ज्याच्या पहिल्या रकान्यात ‘होय’ आणि दुसऱ्यात ग्लिमेपिराइड, इन्सुलिन किंवा ‘ग्लिफ्लोझिन’ने संपणारे नाव येईल, त्याला त्याच आठवड्यात डॉक्टरांसमोर बसवावे. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात रक्तातील कीटोन मोजणारे यंत्र आणि त्याच्या पट्ट्या ठेवण्याची तजवीज व्हावी. थेंबभर रक्तात काही सेकंदांत उत्तर देणारे ते साधन आहे. आणि तोवर, घरातील कोणी ‘ग्लिफ्लोझिन’ची गोळी घेत असताना ओकाऱ्यांनी हैराण झाला, तर त्याला घेऊन जाणाऱ्या मुलाने किंवा सुनेने गोळ्यांचे पाकीट बरोबर न्यावे, आणि दारातच सांगावे: ‘डॉक्टरसाहेब, शुगर १६० आहे, पण हे ही गोळी घेतात आणि चार दिवस भात-भाकरी बंद आहे; यांचे कीटोन तपासा.’